दम्याच्या माणसाला सेट्रिझिनने श्वासनळ्या मोकळ्या होतात का?

किंचित होतात, पण भरवसा ठेवण्याइतक्या नाही. तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडच्या धुळीने शिंका सुरू झाल्या की बाबा सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतात आणि दम्याचा पंप (इनहेलर) टाळतात. शिंका, नाक गळणं, डोळ्यांची खाज यामागे मुख्यतः हिस्टामिन हे ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन असतं, तिथे गोळी छान चालते. हिस्टामिन श्वासनळीभोवतीचा स्नायूही आवळतं, पण दम्यात ते एकटं नसतं. ल्युकोट्राइन्स ही शरीरातलीच दुसरी रसायनं त्याहून कितीतरी जोरात नळी आवळतात. शिवाय आतली सूज आणि चिकट कफ असतोच. त्यावर सेट्रिझिनचं फारसं चालत नाही.

लिव्होसेट्रिझिनसोबत माँटेल्युकास्ट असलेली गोळी मिळते, त्यात ल्युकोट्राइन्सना अडवणारं माँटेल्युकास्ट असतं. तीही धाप लागल्यावर घ्यायची गोळी नव्हे. तेव्हा डॉक्टरांनी दिलेला, लगेच आराम देणारा पंपच लागतो, आणि सूज आटोक्यात ठेवायला स्टेरॉइडचा पंप, बरं वाटत असतानाही. 'पंपाची सवय लागते' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, त्यात तथ्य नाही.

नाकाची ॲलर्जी असेल तर सेट्रिझिन डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, पंपाच्या जोडीला. बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर मात्र पंप देत थेट हॉस्पिटल गाठा.