पुढच्या विमानाचे भोवरे कॉकपिटमध्ये का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय, रडार आहे, टीकॅस (जवळ येणाऱ्या विमानाचा इशारा देणारी यंत्रणा) आहे, मग वेक टर्ब्युलन्सची, म्हणजे पुढच्या विमानाच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांची सूचना वैमानिकाला आधी का मिळत नाही?

हवामान रडारला पाण्याचे थेंब लागतात. भोवरा म्हणजे कोरडी, फिरणारी हवा, तिच्यावरून लाट परतत नाही. टीकॅस फक्त टक्कर टाळतं. 7 जानेवारी 2017 ला अरबी समुद्रावर एक चॅलेंजर 604, म्हणजे छोटं जेट, समोरून येणाऱ्या ए380 या महाकाय प्रवासी विमानाच्या खालून गेलं. मध्ये नियमाप्रमाणे 1,000 फूट होते, टक्करीचा प्रश्नच नव्हता. तरी ए380 च्या भोवऱ्यात सापडून ते छोटं जेट आडवं लोळलं, साडेआठ हजार फुटांहून जास्त खाली आलं आणि आतली माणसं जखमी झाली.

मला खरी आशा एडीएस-बी कडून आहे, म्हणजे विमानाने स्वतःची माहिती रेडिओवरून सांगत राहण्याच्या यंत्रणेकडून. पुढचं विमान आपली जागा, उंची, वेग आणि वजनाचा गट सतत प्रसारित करतं. त्या गटांत 'हाय व्होर्टेक्स' (जोरदार भोवरे सोडणारी विमानं) असा एक वेगळा गटच आहे, बोइंग 757 सारख्यांसाठी. भोवरे मिनिटाला साधारण 300 ते 500 फूट उतरतात आणि वाऱ्याबरोबर सरकतात. एवढ्यावरून संगणक नकाशावर धोक्याचा पट्टा काढू शकतो. पण गट कळला म्हणजे आजचं वजन कळलं असं नाही. वारासुद्धा आपल्याला आपल्या विमानापाशीच नेमका माहीत असतो. म्हणून तो पट्टा अंदाजच राहतो. तरीही मला तो हवा आहे.

लायडार, म्हणजे लेझरचं रडार, भोवरा थेट मोजतो, हवेतल्या धुळीवरून परतलेल्या प्रकाशावरून. विमानतळावर बाजूने बघताना त्याला भोवरा छान सापडतो. विमानाच्या नाकात बसवला की पंचाईत होते: तो हवेचा फक्त आपल्या दिशेने येणारा-जाणारा वेग पकडतो, आणि मागोमाग जाताना भोवरा त्या रेषेला आडवा फिरत असतो. शिवाय इशारा काही सेकंद आधीच मिळणार.

ते सेकंद किती लहान असतात ते मी फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, बघितलंय. आधी बारीकसा धक्का बसला, मग डावा पंख पडला. उजवीकडे पूर्ण एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) देऊनही क्षणभर काही फरक पडेना. स्क्रीनवर सगळं शांत. मी गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेलो.

तेव्हापासून मोठ्या विमानामागे असलो की त्याच्या मार्गाच्या थोडं वर राहतो आणि ते टेकलं त्याच्या पुढे टेकतो. धावपट्टी तेवढी लांब नसेल तर कंट्रोलरकडे सरळ जास्त अंतर मागतो. वरच्या उंचीवर वारा कुठून आहे ते बघून, परवानगी घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकतो.