कूलरवाल्या कादंबरीबद्दल थोडं

प्रिय होतकरू कादंबरीकारास, अनेक आशीर्वाद.

तिन्ही प्रकरणं वाचली. कालयंत्र म्हणून जुना डेझर्ट कूलर, हे झकास सुचलंय तुला. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्याशिवाय भूतकाळ लागत नाही आणि टपातलं पाणी संपलं की माणूस तिथेच अडकतो, इथे मी मोठ्याने हसलो. पण तिसऱ्या प्रकरणात तोच कूलर कोरडा ठणठणीत असताना चालतो. का, तर तुला नायकाला घरी आणायची घाई. तिथे गंमत संपली. नियम एकदा केलास की नायकाला त्यात तडफडू दे. पाण्यासाठी त्याला १८७७ च्या नागपुरात, महाल भागात बादली घेऊन दारोदार फिरव, बाप्पा!

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पळते. तासभर मागे गेलं तर महाल लाखभर किलोमीटर दूर असायला हवा. मग कूलर बरोबर वाड्याच्या अंगणातच कसा उतरतो, हे कोणीतरी विचारेलच. खुलाशाची दोन पानं लिहिलीस, ती काढ. ‘स्टँडला साखळी बांधली होती’ म्हण आणि पुढे चल.

खरा मसाला घड्याळात आहे आणि नेमका तोच तू वापरला नाहीस. तुझा नायक १ जानेवारी १८७७ ला, नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली त्या दिवशी उतरतो. हातात आजचं घड्याळ. पण भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. नागपूरची स्थानिक वेळ तिच्या जवळजवळ चौदा मिनिटं मागे. म्हणजे स्वारी ठरल्या वेळेच्या आधी हजर! नागपूरचा माणूस आणि वेळेआधी, ह्यावरच खापरपणजोबांना संशय येऊ दे. मग तो शहाणा होऊन गावच्या वेळेला घड्याळ लावतो आणि गाडी पकडायला निघतो. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेने चालायची, गावाच्या साधारण पाच मिनिटं पुढे. तो ऐटीत फलाटावर येतो आणि गार्डाचा डबा लांब जाताना दिसतो. यात तुला पदरचं काही घालावं लागत नाही.

भूतकाळ बदलतो की नाही, हेही ठरवून टाक. माझं मत, बदलू नये; विनोदाला ते बरं. वाड्याची विक्री थांबवायला तो गेलाय ना? मग खरेदीखतावर साक्षीदाराची जी सही घरात कोणालाच ओळखता येत नव्हती, ती त्याचीच निघू दे. घाईत, बॉलपेनने केलेली.

बोलीबद्दल एकच. ‘काहून’, ‘कायले’ फक्त गडी आणि भाजीवाल्याच्या तोंडी का? वाड्याचा मालकही तसाच बोलेल. निवेदकाने मधून मधून तसं बोललं तरी बिघडत नाही. हसू प्रसंगातून येऊ दे, उच्चारातून नको.

रोबोट मात्र काढ. कूलर असताना त्याला काम काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मारबतीचा, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, प्रसंग तिसऱ्या प्रकरणात उरकलास, तो लांबव. पण १ जानेवारीला मारबत निघत नाही. शिवाय ही मिरवणूक सुरू झाली १८८० च्या दशकात. त्यासाठी नायकाला काही वर्षं, तेव्हाच्या श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापर्यंत अडकवावं लागेल. बादलीची सोय त्या हिशेबाने कर आणि चौथं प्रकरण पाठव.

तुझा,
सर