मुलगी नाजूक, हा निष्कर्ष कुठून काढलात?

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, प्रवेश मिळाला नाही. आम्ही तिसऱ्यांदा बसवणार आहोत. तिला मात्र इम्युनॉलॉजीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, संशोधन करायचे आहे. आईला ल्युपस झाल्यापासून ती अभ्यास सोडून आईच्या रिपोर्टांतले एएनए, सी3 असले शब्द वहीत उतरवत बसते. बायकांची प्रतिकारशक्ती मुळातच कमी. जंतूंच्या प्रयोगशाळेत तिला कसे पाठवावे?
– एक वडील, मुलुंड

उत्तर : मला तिच्या गुणांपेक्षा तुमच्या शेवटच्या वाक्याची अधिक काळजी वाटते, कारण ज्या विषयापासून तुम्ही मुलीला दूर ठेवू पाहता, त्याच विषयाने ते खोटे ठरवले आहे. स्त्रियांचा प्रतिकार सरासरीने अधिक जोमदार असतो; फ्लूच्या लसीनंतर त्यांच्या शरीरात बहुधा जास्त प्रतिपिंडे तयार होतात. ल्युपसमध्ये प्रतिकारयंत्रणा दुबळी पडत नाही, ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि दर 10 रुग्णांपैकी सुमारे 9 स्त्रिया असतात. इस्ट्रोजेन प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना चालना देते, टेस्टोस्टेरॉन सामान्यतः आवर घालते. मात्र सगळे संप्रेरकांवर ढकलून चालत नाही : विषाणूंची चाहूल लागताच प्रतिकार जागवणारे टीएलआर7 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि स्त्रीच्या पेशीत दोनपैकी एक एक्स बंद ठेवले जात असले तरी काही पेशींत हे जनुक दोन्हींवर चालू राहते. एक्सएक्सवाय गुणसूत्रे, म्हणजे एक जादा एक्स, असलेल्या पुरुषांतही ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. (प्रयोगशाळेत जंतू हाताळण्याचे नियम कडक असतात आणि ते पुरुषांनाही लागू असतात.)

ज्याला तुम्ही अभ्यास सोडणे म्हणता, तोच तिचा अभ्यास आहे. घरातले दुखणे समजून घेण्यासाठी जी मुलगी आपणहून वही घालते, तिला आणखी एक वर्ष बहुपर्यायी प्रश्नांना जुंपणे मला मान्य नाही. आईच्या पुढच्या तपासणीला तिलाच सोबत पाठवा आणि डॉक्टरांना तिचे प्रश्न विचारू द्या.

मुंबईतच मायक्रोबायोलॉजी किंवा लाइफ सायन्सेसची बीएस्सी करता येते; आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा विचार असेल तर बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण, ही अट आधी तपासावी. पुढे परळला, केईएमच्या आवारातच, रक्त आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. नीटच्या क्लासची फी अजून भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर परत मागा.