राहतं घर, पण बिलावर 'भाडेकरू'? माझा महागात पडलेला अनुभव

ताई, सांगलीत विश्रामबागच्या तुमच्या घरात तुम्ही स्वतः राहता आणि घरपट्टीच्या बिलावर मात्र 'भोगवटादार : भाडेकरू', हे वाचलं आणि माझीच जुनी जखम उघडली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या हद्दीत राहतो, गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. आमच्याकडे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो आणि तुमच्याकडे १९४९ चा महानगरपालिकांचा, त्यामुळे माझं सगळं जसंच्या तसं उचलू नका. मी वकील नाही.

करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर घरपट्टी बसते ती, भाड्याच्या घराला जास्त धरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. माझं झालं असं की वरच्या खोल्यांत कॉलेजची दोन पोरं राहत होती. ती गेली, पण वरचा वेगळा लाइट मीटर तसाच राहिला. सर्व्हेवाल्याने दोन मीटर आणि बाहेरचा जिना पाहिला आणि अख्खं घर भाड्याचं लिहून मोकळा झाला. ३,१०० ची घरपट्टी ७,४०० वर गेली. हरकत घ्यायची मुदत सांगणारी नोटीस आली होती, पण आईने ती बिल समजून देव्हाऱ्यामागच्या पिशवीत ठेवली. मुदत तिथेच संपली.

खरी चूक मात्र माझी, पुढची. कार्यालयात गेलो, तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "पुढच्या आकारणीत बघू, आता काही होत नाही." मी मान डोलावली आणि परत आलो. अर्ज नाही, आवक क्रमांक नाही, कसला कागदच नाही. वर डोकं फिरलं म्हणून ठरवलं, दुरुस्ती होईपर्यंत एक रुपया भरणार नाही. दोन वर्षं भरलं नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाला २४! बँकेतली ठेव इतकं देत नाही. साडेतीन हजारांच्या वर नुसती शास्तीच झाली. मग अपील करायला गेलो तर कळलं, मागणीची रक्कम आधी भरल्याशिवाय अपील दाखलच होत नाही आणि बिल मिळाल्यापासूनचे १५ दिवस तर कधीच उलटून गेले होते. रक्कम आधी भरण्याची अट तुमच्या कायद्यातही आहे.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो : आधी भरा, मग भांडा. 'हरकत राखून भरत आहे' असं लेखी द्या, पोच घ्या. अर्जासोबत राहत्या पत्त्याचं रेशनकार्ड, लाइटबिल, संपलेला भाडेकरार लावा आणि जागेची फेरपाहणी लेखीच मागा. फेरपाहणीला माणूस येईल त्या दिवशी घरी थांबा. आमच्याकडे तो दोनदा कुलूप बघून परत गेला म्हणे. आम्ही दोन्ही दिवस घरातच होतो.

तुम्ही विचारलेली घरपट्टीतली ४० टक्के सवलत पुण्याची आहे. तिकडे राहत्या घराला ती जुनी सवलत मिळते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरतात. आपल्याकडच्या खिडकीवर त्या सवलतीचा व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड दाखवलात तर हसं होतं, मी ते करून बसलोय.

घरात कुणी माजी सैनिक आहे का? किंवा सैनिकाची विधवा पत्नी? आपल्या भागात घराआड एक निघतो म्हणून विचारतोय. २०२० पासून त्यांना एका घराच्या मालमत्ता करात माफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. माझ्या सासऱ्यांनी तीन वर्षं अर्जच केला नव्हता, का तर "मागितल्यासारखं वाटतं." पाणीपट्टी मात्र वेगळी, ती भरावीच लागते.

आणि तुमच्याकडेही असा जादा मीटर असेल आणि वापरात नसेल, तर आधी बंद करून घ्या. आमचा अजून आहे, बायको रोज आठवण करते.