वाचकांचे प्रश्न : फोनवरील सूचनांचा आवाज

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची दूरध्वनी यंत्रणा अ‍ॅस्टेरिस्क या कॉल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. सूचना ध्वनिमुद्रित करणाऱ्या कर्मचारी नोकरी सोडून गेल्या, नंतरच्या सूचना इतरांनी मुद्रित केल्या आणि आता एकाच कॉलमध्ये सभासदांना तीन आवाज ऐकू येतात. सगळे संगणकीय आवाजात नव्याने करावे का?

उत्तर : जरूर करावे; मात्र एकेक वाक्य संकेतस्थळावर टाकून फाइल उतरवून घेण्याच्या पद्धतीने नव्हे, कारण त्या वेळी कोणता आवाज आणि किती वेग निवडला होता हे पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. सर्व सूचनांचा एक तक्ता करावा, त्यात एका रकान्यात फाइलचे नाव आणि दुसऱ्यात वाक्य असावे, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील छोट्या स्क्रिप्टने तो ओळीने वाचून फाइली तयार कराव्यात. आवाज, वेग आणि पट्टी ही स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहिली जाते. मराठी आवाज गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही, मजकूर वाचून दाखवणाऱ्या सेवांत मिळतो. सेवा देणारी कंपनी कधी आवाजात सुधारणा करते, तेव्हा नवी सूचना जुन्यांशी जुळेनाशी होते. अशा वेळी संपूर्ण तक्ता पुन्हा चालवावा.

तक्त्यात अंक अक्षरी लिहावेत, ‘रु.’ ऐवजी ‘रुपये’ लिहावे. वाक्यात काम आधी आणि अंक शेवटी यावा : ‘कर्जाच्या हप्त्याच्या माहितीसाठी दोन दाबा.’ अंक आधी सांगितला तर काम ऐकेपर्यंत तो विसरलेला असतो.

खरी मेहनत आहे ती शिल्लक रक्कम बोलून दाखवण्यात. इंग्रजीत वीस आणि एक जोडून एकवीस होते. मराठीत शून्य ते नव्व्याण्णव हे शंभर आकडे स्वतंत्रच मुद्रित करावे लागतात. त्यात ‘शंभर’, ‘एकशे’ ते ‘नऊशे’ आणि ‘हजार’, ‘लाख’, ‘कोटी’ मिळवले की ११३ फाइली होतात आणि पतसंस्थेला लागणारी कोणतीही रक्कम त्यांतून जोडता येते. हजाराच्या खाली नेमके शंभर उरले तर ‘शंभर’ आणि पुढे काही असेल तर ‘एकशे’, एवढा नियम प्रोग्राममध्ये घालावा. नाहीतर यंत्र ‘शंभर पाच रुपये’ म्हणेल. सुटा शब्द यंत्राकडून वदवून घेतला तर त्याचा सूर वाक्य संपल्यासारखा खाली येतो, म्हणून ‘खात्यात, एकोणपन्नास, हजार’ असे म्हणवून घेऊन मधला तुकडा कापावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर रक्कम ठेचकाळत ऐकू येते. याचा आणखी एक लाभ असा की सभासदाची शिल्लक कोणत्याही बाहेरच्या सेवेकडे पाठवावी लागत नाही.

‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार यंत्र कधी चुकवते. ‘चार’ आणि ‘पाच’ यांतील ‘च’ वेगवेगळे ऐकू येतात की नाही, हे तपासावे. चुकीचा उच्चार आढळल्यास सेवेला चालत असेल तिथे उच्चारखूण (शब्द कसा उच्चारायचा हे सांगणारी खूण) द्यावी, नाहीतर शब्दच बदलावा.

प्रश्न : संगणकावर स्वच्छ वाटणाऱ्या फाइली फोनवर खरखरतात. असे का होते?

उत्तर : साधा दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेतो आणि आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापे, घेतो. मूळ फाइल सेकंदाला २४००० नमुन्यांची असेल आणि वरचे स्वर न गाळता ती आक्रसली, तर ते स्वर खाली दुमडून खरखर बनतात. सॉक्ससारखे ध्वनिफाइली बदलून देणारे साधन रूपांतर करताना ते आपणहून गाळते. एमपी३चा मधला टप्पा टाळून थेट ८००० नमुन्यांच्या, १६ बिटच्या, एकमार्गी (मोनो) वेव्ह फाइली कराव्यात, सर्वांची पातळी सारखी ठेवावी आणि मूळ फाइली जपून ठेवाव्यात. परीक्षा मात्र हेडफोनवर घेऊ नये. शाखेतल्या साध्या फोनवरून कॉल करून ‘एकोणसाठ’ आणि ‘एकसष्ट’ वेगळे कळतात का, ते ऐकावे.