"मॅडम, ती मला माउसी म्हणते"

"मुलगी घरी आणून अकरा दिवस झाले, ती मला जवळ येऊ देत नाही, आणि खरं सांगू का मॅडम, मला पण तिच्याबद्दल काही वाटत नाहीये. आमचं चुकलं का?"

सांगलीत विश्रामबागला माझी समुपदेशनाची खोली आहे, तिथं दत्तक मूल घरी आणलेल्यांकडनं हा प्रश्न किती वेळा आलाय. कधी आई विचारते, कधी बाप, कधी सासूबाई लांबून विचारतात, पण आत तेच. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. मुलीला आपण छकुली म्हणू.

छकुली सव्वादोन वर्षांची, ओडिशातल्या एका संस्थेतली. तिचे नवे आईबाप, त्यांना ताई आणि दादा म्हणू, सांगलीचे, लग्नाला बारा वर्षं, दवाखाने करून झाले, मग कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं आणि साडेतीन वर्षं वाट बघितली. एक दिवस मुलीची माहिती आली, ४८ तासांत हो का नाही सांगायचं. हो म्हणाले, रिपोर्ट बघितले, तिकडं जाऊन आले, कागदपत्रं झाली आणि कोणार्क एक्सप्रेसनं दीड दिवसाचा प्रवास करून पुण्याला उतरले, तिथून गाडी करून सांगली. अख्ख्या प्रवासात पोरगी एकदाही रडली नाही. दादांना त्याचं भारी कौतुक, मला पण पहिल्यांदा हेच सांगितलं, "काय शहाणी पोर ओ मॅडम, हूं का चूं नाही."

मी मनात म्हणलं, हे काही बरं लक्षण नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बारसं. हॉल, ऐंशी माणसं, माइक, फुगे, आत्यानं कानात नवीन नाव सांगितलं, जो तो उचलून घेतोय, गाल ओढतोय, आणि छकुली कुणाच्याही कडेवर बिनतक्रार जातेय. सगळे म्हणाले किती लवकर रुळली! त्या रात्रीपासून तिनं बोलणं बंद केलं. आधी दोन-चार शब्द तरी यायचे, ते पण गेले. फक्त ताई समोर आल्या की "माउसी" म्हणायची आणि तोंड फिरवायची.

माझ्यासमोर बसून ताई त्या शब्दावरच रडल्या. "एवढी वर्षं वाट बघून शेवटी मावशी झाले मी. आमच्याकडं भांडी घासायला येतात त्यांना मावशी म्हणतो आपण."

आता हे जरा सावकाश समजून घ्या कारण इथंच सगळा गुंता आहे. ओडियात पण माउसी म्हणजे मावशीच. आणि छकुलीच्या संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना पोरं माउसी म्हणायची. म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आयुष्यात जिनं भरवलं, जिनं ढुंगण धुतलं, जिनं थोपटलं, ती माउसी. 'आई' हा शब्द तिनं ऐकलेलाच नव्हता, त्याला तिच्याकडं काही वास नव्हता, काही चव नव्हती. तिच्याकडं असलेला सगळ्यात मोठा शब्द तिनं ताईंना दिला होता आणि ताई त्यावर रडत होत्या. मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्पच झाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "पण मग तोंड का फिरवते?"

तोंड फिरवते कारण तिची खरी माउसी कुठंय ते तिला कुणी सांगितलं नाही. १९५० च्या सुमाराला लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात आईवेगळी राहिलेली लहान मुलं बघितली, तेव्हा आईबापांना भेटायला फार थोडा वेळ सोडायचे. त्यांना दिसलं की मूल आधी आकांत करतं, मग आतून खचतं, गप्प होतं, आणि मग एक टप्पा असा येतो की ते कुणाकडंही हसत जातं, खेळतं, आणि नर्सेस म्हणतात चला रुळलं बाई एकदाचं. ते रुळलेलं नसतं, त्यानं आशा सोडलेली असते. बारशाच्या हॉलमध्ये ऐंशी जणांच्या कडेवर बिनतक्रार फिरणारी छकुली मला आठवली ती ह्यामुळं.

आपल्याकडची पोरं इटलीला, अमेरिकेला दत्तक जातात तेव्हा सगळ्यांनाच कळतं की भाषा बदलणार, जेवण बदलणार, अंगाखालची चादर बदलणार, पहिले महिने अवघड जाणार. पण ओडिशातनं सांगलीला आलेलं मूल म्हणलं की आपण धरूनच चालतो, आपल्याच देशातलं की, त्यात काय. पासपोर्ट लागला का नाही ह्याचं त्या पोरीला काय? तिच्या दृष्टीनं सांगली परदेशच, आणि नेणारी माणसं अनोळखी. मोठ्या माणसाला असं उचलून नेलं तर आपण त्याला दुसरं काहीतरी म्हणू.

पहिल्या भेटीत मी एक केलं, घरचे बारीक बारीक प्रकार विचारले. जेवण? तर भाकरी तोंडात घेऊन गालात धरून ठेवते, गिळत नाही. भात मात्र बघता बघता संपवते आणि दुसऱ्याच्या ताटाकडं बघत बसते. झोप? तिच्यासाठी वेगळी खोली, गुलाबी भिंती, नवाकोरा पाळणाकॉट, रात्री दिवा बंद, आणि सकाळी पोर कॉटखाली फरशीवर, दाराला चिकटून. आणि मुठीत बिस्किट, रात्रभर घामानं भिजून त्याचा लगदा झालेला. सासूबाईंनी दोन दिवस तो हात धुऊन काढला आणि म्हणाल्या, "हावरट हाय का काय पोरगी, खायला कमी हाय का आपल्याकडं?"

आणि एक गंमत. पहिल्या दोन दिवसांत छकुली सारखी म्हणायची, "भोको, भोको." सासूबाईंनी तिचा फ्रॉक उलटापालटा करून बघितला, चड्डी बघितली, गादीवरची चादर बघितली, भोक काही सापडेना! ओडियात भोक म्हणजे भूक, आणि बोलताना ते भोको असं ऐकू येतं. पोर भुकेली होती आणि आजी सुई-दोरा घेऊन बसलेल्या. हे सांगताना ताई पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता परत रडल्या, कारण तिसऱ्या दिवसापासून ती भोको म्हणायची पण थांबली होती.

आता आम्ही काय ठरवलं ते सांगते, पण हे प्रत्येक घराला असंच्या असं लागू होईल असं नाही.

घर छोटं करायचं. पाहुणे बंद, एक महिना. बघायला येणाऱ्यांना गेटवरनंच पेढा. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही, "लेकरू आपलं म्हणून आणलंय न्हवं, मग त्याला माणसांची सवय व्हायला नको?" त्यांना मी एकटीला बोलवून घेतलं आणि विचारलं, आजी, तुम्ही लग्न होऊन सासरी आलात तेव्हा किती वर्षांच्या होता. म्हणाल्या, सतरा. पहिल्या रात्री काय वाटलं? त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि म्हणाल्या, "आईनं दिलेलं चोळीचं बोचकं उशाला घेऊन झोपले मी." एवढंच. त्यानंतर त्या घरातल्या पहारेकरी झाल्या, गल्लीतल्या बायकांना त्याच परत पाठवायच्या.

भरवायचं ताईंनीच. आंघोळ, कपडे, झोपवणं, पडली तर उचलणं, हे पण ताई, आणि त्या नसतील तर दादा. बाकीच्यांनी खेळावं, हसावं, गाणी म्हणावीत, पण घास आणि कुशी ह्या दोन गोष्टी आईबापाच्याच हातनं. संस्थेत पाळ्या बदलतात, हात बदलतात, त्यामुळं अमुक एक माणूस आपलं हे तिच्या अंगाला माहीतच नाही, ते शिकायला तेच हात परत परत यायला लागतात.

खोली रद्द. संस्थेत दहा-पंधरा पोरं एका हॉलमध्ये झोपतात, दिवा चालू असतो, कुणी ना कुणी खोकत असतं. तिला अंधाराची आणि शांततेची सवयच नाही. खाली गाद्या टाकल्या, तिघं ओळीनं, बारीक दिवा चालू. तो कॉट नंतर कपडे ठेवायला झाला.

जेवायला भात. महिनाभर दोन्ही वेळा भात खाल्ला म्हणून सांगलीकराची अब्रू जात नाही. भाकरी काय, येईल. आणि स्वयंपाकघरात तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर एक डबा, त्यात चुरमुरे, बिस्किट, केळं, कधीपण जाऊन घ्यायचं, कुणी टोकायचं नाही, आणि डबा कधी रिकामा ठेवायचा नाही. मुठीतलं बिस्किट तर अजिबात काढून घ्यायचं नाही. तो हावरटपणा नाही, ती तिची फिक्स डिपॉझिट.

बालरोगतज्ज्ञांकडं मात्र लगेच पाठवलं, जुने रिपोर्ट आणि लसीचं कार्ड घेऊन. हिमोग्लोबिन कमी निघालं, जंताचं औषध झालं. सगळं वागणं मनाचंच असतं असं आम्ही समुपदेशकांनी धरून चालू नये, पोट दुखणारं मूल पण तोंड फिरवतं.

नवीन नावाचं म्हणाल तर जुनं नाव आधी, नवीन मागनं, दोन्ही जोडून हाक मारायची. बारशाला कानात सांगितलं म्हणून नाव लगेच लागू होत नाही, ती काय गॅसची नोंदणी आहे का!

आणि भाषा. दादांनी काय केलं होतं, संस्थेतले सगळे फोटो फोनमधनं उडवले होते, विसरली की बरं म्हणून. नशीब ताईंच्या फोनमध्ये एक राहिला होता, निळ्या साडीतली माउसी, कडेवर छकुली. तो प्रिंट काढून फ्रिजवर लावला, खालच्या बाजूला, तिच्या उंचीला. छकुलीनं पहिल्या दिवशी त्याच्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली, फ्रिज गार लागेपर्यंत. दादा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी संस्थेत फोन लावला आणि त्या माउसींकडनं वीसेक शब्द लिहून घेतले. पाणी तेच, भात तोच, हे कळल्यावर त्यांना केवढा धीर आला. आणि एक वाक्य घेतलं, "मुँ अछि." म्हणजे मी आहे. दिवा बारीक केला की ताई रोज थोपटत हे म्हणायच्या, उच्चार चुकत असणार, पण म्हणायच्या.

आता ताईंचा दुसरा प्रश्न, जो त्यांनी पहिल्यांदा हळू आवाजात विचारला होता. मला काही वाटत नाही. ह्यावर आपल्याकडं कुणी बोलतच नाही. पोटच्या बाळंतपणानंतर बाईला उदास वाटतं हे आता निदान डॉक्टर तरी मानतात, पण दत्तक आईला असं वाटलं तर सगळे म्हणणार, तुलाच हवं होतं ना? नऊ महिन्यांची तयारी नाही, बाळंतविडा नाही, आईनं तेल लावून शेकणं नाही, एकदम सव्वादोन वर्षांचं अनोळखी माणूस घरात, आणि ते तुमच्याकडं पाठ करून बसतं. माया पहिल्या दिवशी आलीच पाहिजे असा काही कायदा नाही. मी ताईंना म्हणलं, सध्या वाटायचं सोडा, करत रहा. भरवा, धुवा, थोपटा. आणि दुपारी ती झोपली की तुम्ही पण झोपा, भांडी पडू देत. दोन-तीन आठवड्यांत झोप-भूक परत आली नाही, रोज रडू येत राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं हे पण ठरवून ठेवलं. बोलायला कुणीच नसेल तर टेलिमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे सरकारी, मराठीत बोलता येतं.

मग त्यांनी खरी भीती सांगितली. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी रिपोर्ट जातो, सोशल वर्कर घरी येतात. "हे सगळं त्यांना सांगितलं तर पोरीला परत नेतील ना ओ?" ह्या भीतीपोटी त्या कुणाकडंच बोलल्या नव्हत्या, माझ्याकडं पण शेजारणीच्या मुलाचं निमित्त सांगून आल्या होत्या! तो फॉलोअप अडचण कळावी म्हणूनच असतो. जुळत नसेल तर आधी समुपदेशन द्यायचं, हे नियमातच आहे. अवघड जातंय म्हणणाऱ्या आईची मला काळजी वाटत नाही, सगळं फर्स्टक्लास म्हणणाऱ्यांची वाटते.

मधले आठवडे काही सांगण्यासारखे नाहीत. एक पाऊल पुढं, दोन मागं. एकदा घासासकट ताटली भिरकावली, एकदा ताईंना चावली. चावली त्या दिवशी ताईंनी घाबरून फोन केला आणि मी म्हणलं, अभिनंदन, आता ती तुमच्यावर रागवायला लागली. अनोळखी माणसावर कोण रागावतं?

सातव्या आठवड्यात फोन आला, ताईंचा आवाज वैतागलेला. "मॅडम, आता हे नवीनच. बाथरूमला सुद्धा जाऊ देत नाही ओ. कडी लावली की बाहेर आडवी पडून आकांत करते, त्यांच्याकडं जात नाही, आजींकडं जात नाही. आत्ता पण आतनंच बोलतेय." आणि खरंच, मागनं दारावर दोन्ही तळव्यांनी धपाधप आवाज येत होता आणि कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, "माउसी! ए माउसी!"

"थांब, आले, आले," ताई म्हणाल्या, आणि मग दाराकडं तोंड करून, "मुँ अछि गं बाई, मुँ अछि."

फोन तसाच चालू राहिला, बहुतेक बादलीवर ठेवला असावा.