वडिलांची किडनी बदलली, आता हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय, वडिलांच्या प्रत्यारोपणाला चार महिने झालेत, पाठ दुखते आणि फोंड्यातल्या फार्मसीवाल्याने कॅल्शियम सुचवलंय. थांबा. आधी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

हाडांची झीज सर्वात जोरात होते ती पहिल्या 6 ते 12 महिन्यांत. मुख्य कारण प्रेडनिसोलोन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं स्टेरॉइड. त्यात डायलिसिसच्या काळात वाढलेलं पॅराथायरॉइड ग्रंथींचं (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या छोट्या ग्रंथी) काम नवी किडनी बसली म्हणून लगेच थांबत नाही, त्यामुळे काहींच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असतं. अशात वरून गोळ्या म्हणजे नव्या किडनीलाच त्रास. म्हणून आधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (याच ग्रंथींचं हार्मोन) आणि ड जीवनसत्त्व तपासा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दलही विचारा. हाडं ठिसूळ व्हायचा धोका असेल आणि निकालाने उपचार बदलणार असतील तर तो करतात. पाठदुखी आहे तर मणक्याचा एक्स-रेही काढून घ्या, दबलेला मणका असा सहज कळत नाही.

अहवाल पाहून डॉक्टर ड जीवनसत्त्व, कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) किंवा बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारं औषध) देतात. शेवटचं औषध किडनीचं काम फार कमी असेल किंवा हाडांची उलाढालच, म्हणजे जुनं हाड झिजून नवं बनणंच, मंदावली असेल तर टाळतात. स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका, नवी किडनी गमवावी लागू शकते.

घरात नाचणीचं सत्त्व, नीट शिजवलेले तारले मासे चालतील. रोज चालायला लावा. आणि पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या घासून ठेवा हो, आपल्याकडे अर्धी हाडं तिथेच मोडतात!